सहा गोळे आणि एक परवाना

ताईबाई वारल्याची बातमी जळगाव रेल्वेच्या पार्सल ऑफिसला कळली ती तिच्या मृत्यूनंतर तीस दिवसांनी, आणि पार्सल ऑफिसला ती पटली नाही.

"पार्सल ताईबाई शालिग्राम नारखेडे यांच्या नावावर आहे," खिडकीतला क्लार्क म्हणाला. "त्यांना पाठवा. सही त्यांची लागेल."

"ती येऊ शकत नाही," शालिग्रामनाना म्हणाले.

"आजारी आहेत का? मग अधिकारपत्र आणा. त्यांच्या सहीचं."

"ती वारली."

क्लार्कने पावती उलटून पाहिली, सुलटून पाहिली. "कधी?"

"माघी पौर्णिमेला."

"पण पार्सल तर त्याच्या आधी बुक झालंय," क्लार्क म्हणाला. एकदा पार्सल बुक झाल्यावर ते सोडवेपर्यंत माणसाने मरू नये असा काही नियम असावा आणि ताईबाईने तो मोडला असावा, असा त्याचा चेहरा झाला. "मग असं करा, मयताचा दाखला आणा, तुम्ही त्यांचे पती असल्याचा दाखला आणा, आणि दुसऱ्या कोणा वारसाची हरकत नाही असा एक अर्ज द्या."

नाना स्वतः पाटबंधारे खात्यात एकोणतीस वर्षे क्लार्क होते. 'संबंधितांनी समक्ष हजर राहावे' हे वाक्य त्यांनी आपल्या हाताने काही हजार वेळा लिहिले असेल. ते वाक्य खिडकीच्या दुसऱ्या बाजूने कसे लागते, हे त्यांना त्या दिवशी कळले. संबंधित समक्ष हजर राहू शकत असती, तर नाना तिथे कशाला गेले असते?

तीन दाखले जमवायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी वेताची करंडी खिडकीबाहेर आली. 'मालाचा तपशील' या रकान्यात 'काचेचे गोळे, मासेमारीचे' असे लिहिले होते.

"मासेमारी कुठे करता?" क्लार्कने विचारले. "मेहरूणच्या तळ्यात?"

नाना या प्रश्नाने इतके चिडले की, माल बरोबर आहे की नाही ते इथेच मोजून घेतो म्हणाले. करंडीत गवत भरले होते आणि गवतात नारळाएवढे हिरवट काचेचे सहा गोळे होते. ते सहा आहेत एवढे मोजून होताच एक गोळा नानांच्या हातातून सटकला आणि पाच राहिले. क्लार्कने वहीत 'माल सुस्थितीत मिळाला' लिहून त्यांची सही घेतली.

गवतात तळाशी चिठ्ठी होती. ताईबाईचा धाकटा भाऊ पितांबर रत्नागिरीच्या बंदरावर नोकरीला होता. त्याने लिहिले होते: 'अक्का, तू मागितलेले सहा गोळे पाठवतो. जाळे पाण्यावर तरंगत राहावे म्हणून कोळी लोक हे बांधतात. लिलावात मिळाले. बल्ब आत जाईल एवढे तोंड इथल्या एका गोवेकर फिटरने पाडून दिले आहे. काच धुरकट करायची त्याने सांगितलेली कृती मागच्या पत्रात लिहिली होतीच, पुन्हा लिहितो. बिअर शिळी होऊ द्यावी, त्यात जुलाबाचे मीठ विरघळेल तेवढे विरघळवावे आणि फडक्याने गोळ्यावर थापावे. वाळले की काचेवर दंव पडल्यासारखे दिसते, आणि आत दिवा लावला की डोळ्यांना टोचत नाही. दाजींना एवढ्यात सांगू नको म्हणालीस, म्हणून कोणाजवळ बोललो नाही.'

शेवटचे वाक्य नानांनी तीन वेळा वाचले. अठ्ठावीस वर्षांचा संसार झाला होता. या अठ्ठावीस वर्षांत नानांनी ताईबाईपासून एक पैसा लपवला नव्हता, मग हिला सहा काचेचे गोळे लपवायचे काय कारण? त्यांनी विचारले असते फार तर, काय करायचे त्या गोळ्यांचे? एवढेच विचारले असते. आणि मग नको म्हणाले असते. पण ते नंतर.

त्यांनी पितांबरला पत्र टाकले, अक्काला हे दिवे कुठे लावायचे होते? उलट टपाली उत्तर आले, 'मला ठाऊक नाही. सहा पाठव म्हणाली होती. आखाजीला येतो तेव्हा बघेन.'

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाच आठवडे होते. त्या दिवशी ताईबाईच्या नावाची पहिली घागर भरायची होती. खानदेशात हे काही कोणाला समजावून सांगावे लागत नाही. घरात माणूस गेले की त्या वर्षीच्या आखाजीला त्याच्या नावाची घागर मांडतात, आणि तो येऊन पाणी पितो असे धरून चालतात. नाना देवभोळे नव्हते. पण ती आली, आणि तिने मागवलेले गोळे गवतात तसेच पडलेले पाहिले, तर ती काय म्हणेल हे त्यांना तोंडपाठ होते. काहीच म्हणणार नाही. तेच त्यांना सहन झाले नसते. आखाजीपर्यंत दिवे लागलेच पाहिजेत, असे त्यांनी ठरवले.

बिअरचे काही खरे नव्हते. राज्यात दारूबंदी होती, आणि नानांनी आयुष्यात कफावर औषध म्हणून सुद्धा ब्रँडी घेतली नव्हती. शिवाय ते राहायचे नेमीचंदशेठच्या घरात, पुढच्या दोन खोल्यांत, एकोणीस वर्षे. नेमीचंदशेठ कापडाचे व्यापारी, जैन; सूर्य मावळल्यावर जेवत नसत. त्यांच्या घरात राहायला येताना नानांनी कांदा-लसूण सोडले होते. तिथे बिअर कुठून आणणार? तेव्हा बिअर वगळून काय जमते ते पाहायचे ठरले.

पहिला सल्ला ऑफिसातल्या शिपायाचा, अभिमनचा. "नाना, काच घासाले रेती लागस. गिरणा नदीनी रेती आनू का?" त्याने घमेलंभर रेती आणली, नानांनी गोळा त्यात घालून अर्धा तास फिरवला. गोळ्यावर मांजराने ओरबाडल्यासारख्या रेघा उठल्या. अभिमन म्हणाला, जोर कमी पडस. त्याने जोर लावला. चार राहिले.

दुसऱ्या गोळ्याला नानांनी स्वतः पॉलिश पेपर लावला. हा गोळा कसा फुटला हे सांगण्यासारखे नाही. तो फुटला तेव्हा नाना त्याला हातही लावत नव्हते. तो आपण होऊन खाटेवरून खाली गेला. तीन राहिले.

मग ते कोपऱ्यावरच्या औषधवाल्या रतिलालकडे गेले आणि जुलाबाचे मीठ दोन पौंड मागितले.

रतिलालने चष्मा वर केला. "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"नाना, दुःखानं होतं असं. माझे वडील गेले तेव्हा मला नऊ दिवस झाली नव्हती. पण दोन पौंड म्हणजे म्हशीचा डोस होतो. आधी एक चमचा घेऊन बघा. एरंडेल देऊ का?"

"काचेला लावायचंय," नाना म्हणाले.

रतिलालने दुकानातल्या इतर तीन गिऱ्हाइकांकडे पाहिले आणि वजनकाटा पुढे ओढला. त्याच्या नजरेत फार दया होती. शेवटी मीठ मिळाले, आणि वर फुकट सल्लाही मिळाला, की लावायचेच असेल तर उकळत्या पाण्यात विरघळवून गोळा शेगडीवर तापवून लावा, म्हणजे धरेल. नानांनी तापवून लावले. गोळा कडकन् वाजला आणि त्याचे दोन सारखे भाग झाले, इतके सारखे की कात्रीने कापल्यासारखे. दोन राहिले.

उरलेल्या दोघांपैकी एकावर त्यांनी थंड पाण्यातले मीठ लावून पाहिले. वाळल्यावर एका फुंकरीत ते सगळे उडून गेले. म्हणजे मीठ चिकटायला काहीतरी चिकट हवे, आणि ते चिकट म्हणजे बिअर, असे चिठ्ठीत लिहिलेले होते. सरकारी नोकर लिहिलेल्याबाहेर जात नाही. नानांनी दारूबंदी खात्याच्या ऑफिसात जाऊन परवान्याचा फॉर्म मागितला.

फॉर्ममध्ये 'कारण' या शब्दापुढे जागा होती. नानांनी सुवाच्य अक्षरात लिहिले, 'काचेच्या दोन गोळ्यांना लावण्यासाठी.'

"असं नाही लिहायचं," तिथला हेडक्लार्क हलक्या आवाजात म्हणाला. "प्रकृतीचं कारण लिहा."

"माझी प्रकृती चांगली आहे."

"साहेब, इथे मोठमोठे लोक येतात. लाजायचं कारण नाही."

"मी लाजत नाही. मी पीत नाही. मला ती गोळ्यांना लावायचीय."

"मग तो औद्योगिक वापर झाला. त्याचा फॉर्म वेगळा. कारखान्याचा परवाना आहे?"

"दोन गोळ्यांचा कारखाना असतो का?"

"म्हणून म्हणतो, प्रकृतीचं लिहा. घरी कोण कोण असतं?"

"मी एकटा. पत्नी माघी पौर्णिमेला वारली."

हेडक्लार्कने पेन खाली ठेवले, नानांचा फॉर्म आपल्याकडे ओढला आणि काही न विचारता बाकीचे रकाने स्वतः भरले. त्याने स्वतः डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठीही दिली. सरकारी ऑफिसात इतक्या झटपट झालेले काम नानांनी एकोणतीस वर्षांत पाहिले नव्हते. आपण हे काम कोणत्या जोरावर करून घेतले, हे लक्षात आल्यावर त्यांना जिन्यात थांबावे लागले.

डॉक्टरांनी झोप लागते का विचारले. नाही लागत, नाना म्हणाले, कारण ते खरे होते. भूक? बेताची. तेही खरे होते. डॉक्टरांनी लिहिले, नाना बोलत राहिले की साहेब, गोळे आहेत, हिरवे आहेत, जाळ्याचे आहेत, डॉक्टर हो हो म्हणत लिहीत राहिले, आणि शेवटी खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "थोडी थोडी घ्या. आणि एकटे बसून नका घेऊ."

परवाना आला तो तीन आठवड्यांनी. त्या आठवड्यात जळगावच्या दुकानात बिअर नव्हती. धुळ्याला मिळेल म्हणाले. नाना एक दिवसाची किरकोळ रजा टाकून एस. टी.ने धुळ्याला गेले, देवपुरातून चौकशी करत करत पांझरा नदी ओलांडून दुकानापर्यंत पोचले, आणि दोन बाटल्या घेऊन त्या ताईबाईच्या भाजीच्या पिशवीत ठेवल्या. वर चार काकड्या ठेवल्या.

मे महिना, दुपारी दोनची गाडी, पारोळ्याकडचा रस्ता. खानदेशातल्या मे महिन्यात दुपारी दोनला माणसाला उकळी फुटते, तिथे बिअरचे काय? नानांना ते ठाऊक नव्हते. अनुभव नसल्याचा हा तोटा. मुकटी गावाच्या पुढे गाडीने एक खड्डा घेतला आणि पिशवीतून बंदुकीसारखा आवाज झाला. एक काकडी पुढच्या सीटवर गेली. मग फेस आला. तो पिशवीतून नानांच्या धोतरावर, धोतरावरून चपलेत आणि तिथून उताराने ड्रायव्हरच्या दिशेने गेला. वासाबद्दल कोणाला शंका राहिली नाही.

कंडक्टरने घंटी मारली. "कोणाची शे?"

नाना उभे राहिले. त्यांना लपवाछपवी माहीत नव्हती. त्यांनी खिशातून परवाना काढून दिला आणि कंडक्टरने तो सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचला: नाव, वय, हुद्दा, खाते, 'प्रकृतीच्या कारणास्तव'.

"मला दिवे करायचेत," नाना सगळ्या गाडीला म्हणाले. "काचेच्या गोळ्यांचे."

"बसा नाना," मागून एक म्हातारी म्हणाली. "बसी जा. पडशात."

पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी मांडीवरची काकडी उचलून मागे वळून दिली. ते नेमीचंदशेठ होते. धुळ्याला वसुलीला आले होते.

आता ते घर सोडा म्हणतील, अशी नानांची खात्री होती, आणि त्याला काय उत्तर द्यायचे ते त्यांनी एरंडोलपर्यंत जुळवूनही ठेवले. पण नेमीचंदशेठ रागावले नाहीत. ते जळगाव येईपर्यंत नानांचा हात धरून बसले.

"नारखेडेसाहेब, आम्ही शेजारी आणि आम्हाला पत्ता नाही. चूक आमची आहे. दुःख मोठं आहे. रतिलाल म्हणत होता, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं."

"रतिलाल काय म्हणत होता?"

"जाऊ द्या. जुलाबाचं काय, कोणालाही होतो."

"शेठ, मी पीत नाही."

"नाही पीत. आम्ही कुठे म्हणतो पिता?" आणि हात आणखी घट्ट धरला.

नानांना शिव्या चालल्या असत्या. हे चालत नव्हते. गावात ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर एकच समजूतदारपणा दिसू लागला. ऑफिसात साहेबांनी त्यांच्या टेबलावरची तातडीची फाइल स्वतः उचलून दुसऱ्याला दिली. अभिमनने चहा आणताना कानाशी येऊन सांगितले, "नाना, बठ्ठा गावले ठाऊक शे. कोणी काही म्हनत नाही. तुम्ही घाबरू नका." एकोणतीस वर्षे वेळेवर येणाऱ्या माणसाला दारुडा समजायला गावाला एक काकडी पुरली होती.

दोन दिवसांनी रविवारी सकाळी नेमीचंदशेठ पांढरे कपडे घालून दारात आले. "साहेब, आमच्या जैन स्थानकात महाराज आलेत. आज विहार करून पुढे जाणार. पाच मिनिटं चला."

जैन साधूंचे प्रवचन नानांनी पूर्वीही ऐकले होते, ताईबाईला आवडायचे. ते गेले. प्रवचन झाले, आणि लोक एकेक करून उठून हात जोडून काही ना काही सोडू लागले. कोणी वर्षभर मिठाई सोडली, कोणी रात्रीचे पाणी. ही त्यांची रीत आहे. चार लोकांसमोर, साधूंच्या तोंडून नियम घ्यायचा, आणि घेतला की मोडायचा नाही. नाना कौतुकाने पाहत होते. मग नेमीचंदशेठने त्यांना दंडाला धरून उभे केले.

"महाराज, नारखेडेसाहेबांना मद्याचा त्याग करायचा आहे."

दोनशे माणसे वळली.

"मी पीतच नाही," नाना म्हणाले.

महाराज शांतपणे हसले. "अच्छा है. नहीं पीते, तो त्याग में कठिनाई क्या?"

याला काय उत्तर होते? नाना रात्री अंथरुणावर पडून पुष्कळ उत्तरे शोधत बसले, पण त्यांतले एकही दोनशे माणसांसमोर देण्यासारखे नव्हते. त्याग करत नाही म्हणावे, तर पितो असे होते. करतो म्हणावे, तर पीत होतो असे होते.

"पिणार नाही," नाना म्हणाले.

"हातही लावणार नाही," नेमीचंदशेठने जोडून दिले.

"हातही लावणार नाही," नाना म्हणाले. महाराजांनी नियम दिला, लोकांनी जयजयकार केला, आणि एका गृहस्थाने नानांच्या गळ्यात शाल घातली. आयुष्यात कधी दारू न पिता दारू सोडल्याबद्दल शाल मिळालेला मनुष्य खानदेशात दुसरा नसेल. नानांना ती फेकून द्यावीशी वाटली. पण चांगली शाल होती.

घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आले की दुसरी बाटली खाटेखाली आहे आणि आखाजीला चार दिवस आहेत.

शब्द दिला होता. कसाही दिला असला, कोणी दंडाला धरून देववला असला, तरी दिला होता. बिअर फडक्याने लावली तरी फडके हातातच धरायचे ना? मग बाटलीच्या काचेला हात लावला तर तो दारूला लावला असे होते का, याचा त्यांनी ऑफिसात करतात तसा दोन्ही बाजूंनी विचार केला. शेवटी त्यांनी सांडशी आणली, बाटलीची मान सांडशीत धरली आणि ती हातभर लांब ठेवून अंगणातल्या मोरीकडे निघाले. अंगणात सगळे बिऱ्हाडकरू उभे होते. कोणी हसले नाही. एकाने पुढे होऊन नानांसाठी दार धरले. नानांच्या तोंडात शिवी आली होती, ती ताईबाईने ऐकली असती म्हणून त्यांनी गिळली.

बाटली मोरीत ओतून ते परत येत होते, तेव्हा नेमीचंदशेठच्या दाराआडून आवाज आला.

तो झमकूबाईंचा आवाज होता, शेठच्या पत्नीचा. एकोणीस वर्षांत त्या नानांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांच्यात बायका परक्या पुरुषाशी बोलत नाहीत. चेहऱ्यावर पदर ओढून बाजूला होतात. काही सांगायचेच झाले तर भिंतीला सांगतात आणि ज्याने ऐकायचे त्याने ऐकावे.

"भिंतीबाई," झमकूबाई म्हणाल्या, "दारू कशाला पाहिजे होती? ताईबाई तर साबुदाण्याची खळ लावणार होत्या."

नाना जागच्या जागी थांबले. हातात सांडशी तशीच होती.

"भिंतीला विचारतो," ते म्हणाले, "हे कोणाला ठाऊक होतं?"

"मला ठाऊक होतं. भावाचं पत्र आलं तेव्हा दोघी किती हसलो. त्या म्हणाल्या, ह्यांच्या घरात बिअर? खळीतसुद्धा मीठ चिकटेल. चिकटलं पण." दार बोटभर उघडले, आणि बांगड्यांच्या हाताने उंबऱ्यावर एक औषधाची रिकामी बाटली ठेवली. बाटलीवर नखाएवढाल्या बारीक पांढऱ्या पाकळ्या उमटल्या होत्या, एकीत एक गुंतलेल्या. नानांनी बोट फिरवले. निघाल्या नाहीत. हे ताईबाईने केले होते. कधी? ते ऑफिसात असताना, केव्हातरी दुपारी.

"मग भिंत शेठना का नाही बोलली?" नानांचा आवाज चढला. "गाव मला दारुडा म्हणतंय. मला शाल घातलीय."

"भिंतीला कोणी विचारलं?" झमकूबाई म्हणाल्या. "यांनी घरी येऊन सांगितलं, साहेब पितात, मी त्यांना सोडवतो. मी म्हटलं, ते दिव्यांसाठी आहे. ते म्हणाले, साहेबांनीही तेच सांगितलं बिचाऱ्यांनी."

मोरीकडून वास येत होता. ते खाली बसले, उंबऱ्यापासून दोन हात अंतर ठेवून.

"सहा गोळे कुठे लावायचे होते?" त्यांनी विचारले.

"दोन माझ्या दाराला. सासूबाईंना दिसत नव्हतं चांगलं, उघडा बल्ब डोळ्यात जायचा. दोन तुमच्या दाराला. एक जिन्यात."

"पाच झाले."

"सहावा कुठे ते मला नाही सांगितलं. मी पुष्कळ विचारलं. म्हणाल्या, तो कुठे लावायचा ते आधी ह्यांना सांगणार, मग तुला."

दार लागले.

त्या दिवशी दुपारी नानांनी साबुदाणा भिजवला, आटवला, गाळला, जुलाबाचे मीठ घातले आणि फडक्याने दोन्ही गोळ्यांवर थापले. संध्याकाळपर्यंत दोन्ही गोळे पांढरे झाले. एकही फुटला नाही. आखाजीला पितांबर आला. त्याने घागर भरायला मदत केली, आणि अंधार पडल्यावर एक गोळा नेमीचंदशेठच्या दाराला लावून दिला. शेठनी तो पाहिला आणि ते नानांना म्हणाले, "बघा, मन दुसरीकडे गुंतवलं की सवय सुटते."

दुसरा गोळा नानांनी सहावा म्हणून ठेवला आहे, तो तयार आहे. त्याची वायर आणलेली आहे, होल्डर आणलेला आहे. तो अजून लावलेला नाही.